सिग्नलवरचा कॅमेरा खरा, पण पिवळा दिवा किती सेकंदांचा?

कर्वेरोडकर

चौकाचौकांत कॅमेरे लागले, चलनं मोबाइलवर येऊ लागली, आणि दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच की मला नेमकं पकडलं कसं. आधी ते सांगतो, मग माझं म्हणणं.

लाल दिव्याचा कॅमेरा सिग्नलच्या कंट्रोलरला जोडलेला असतो. हिरवा-पिवळा चालू असताना तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. लाल लागला की जागा होतो. रेषेपाशी गाडी आली हे कुठे डांबराखालच्या तारेच्या वेटोळ्यावरून कळतं, कुठे रडारवरून, तर कुठे थेट व्हिडिओवरून. लाल असताना रेषा ओलांडली की पहिला फोटो : गाडी रेषेपाशी, दिवा लाल. क्षणभराने दुसरा : तीच गाडी चौकात. दोन फोटो अशासाठी, की रेषेवर चाक टेकवून करकचून थांबलेला आणि सरळ निघून गेलेला यांत फरक करता यावा. नंबर प्लेट वाचायला वेगळं सॉफ्टवेअर, रात्रीसाठी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश. पिवळ्यातच रेषा ओलांडलेला माणूस लाल लागताना चौकात असला तरी यात अडकत नाही.

आता माझा मुद्दा. कॅमेरा खोटं बोलत नाही हे मला मान्य. पण लालमध्ये कोण सापडणार हे त्याच्या आधी पिवळा दिवा ठरवून बसलेला असतो. ५० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. पाय ब्रेकवर जायला १ सेकंद, मग मागचा अंगावर येणार नाही इतपत बेताचा ब्रेक, असं धरलं तर थांबायला ४६ मीटर लागतात. आणि रेषा ४५ मीटरवर असताना पिवळा लागला तर? थांबता येत नाही, आणि त्याच वेगाने रेषेपर्यंत जायला ३.२ सेकंद लागतात. पिवळा ३ सेकंदांचा असेल, तर काहीही न चुकता हा माणूस दोन्ही फोटोंत झळकणार.

म्हणून मागणी एवढीच. जिथे कॅमेरा आहे तिथे पिवळा किती सेकंदांचा आणि तो कोणत्या वेगासाठी धरलाय, हे जाहीर करा.

जेधेचौक

काय राव, पुण्यात कुठल्या चौकात ५० ने शिरता तुम्ही? कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सातला २० चा वेग मिळाला तर लोक पेढे वाटतील.

जरा गुडलक चौकात उभे राहून बघा. पिवळा लागला की पुढचा थांबत नाही, आणि चुकून थांबलाच तर मागचे हॉर्न वाजवून त्याला जगणं नकोसं करतात. लाल लागून गेला तरी शेपूट संपत नाही. तोवर पलीकडचे हिरव्याची वाट न बघता निघालेले असतात. चौकात जो काला होतो तो यांचा. तुमच्या त्या ४५ मीटरवरच्या पापभीरू माणसाला शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल, तोही पिवळा.

कर्वेरोडकर

@जेधेचौक, रस्ता मोकळा असतो तेव्हाचंच बोलतोय मी. रात्री साडेअकरा, पहाटे पाच. टक्कर झाली तर जीव जातो तो त्या वेगात, सातच्या गर्दीत बंपर घासतो फक्त.

आणि हे गणित माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत १९६० मध्ये जनरल मोटर्सच्या तीन संशोधकांनी मांडलं, आजही पिवळ्याचा हिशोब तिथूनच सुरू होतो. त्यातही खोट निघाली. ऑरेगनमधल्या मॅट्स यार्लस्ट्रॉमच्या बायकोला लाल दिव्याच्या कॅमेऱ्याचा दंड झाला. हा इलेक्ट्रॉनिक्सवाला. त्याने दाखवून दिलं की हे सूत्र सरळ जाणाऱ्यांपुरतं आहे. वळणारा आधी वेग कमी करतो, त्याला रेषेपर्यंत जास्त वेळ लागतो, म्हणजे पिवळा त्याला पुरत नाही. तिथल्या अभियंता मंडळाने काय करावं? परवाना नसताना अभियांत्रिकी केली म्हणून यालाच ५०० डॉलर दंड! पुढे तो कोर्टात जिंकला, आणि २०२० मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने त्याची दुरुस्ती स्वीकारली.

शिकागोचं तर विचारूच नका. २०१४ मध्ये तिथे पिवळा ३ ऐवजी २.९ सेकंद भरला तरी चलन काढायचं असं ठरलं, आणि त्या एका दशांशावर ७७ हजार चलनं निघाली. कॅमेरे पुरवणाऱ्या कंपनीकडून लाच घेतली म्हणून तिथला अधिकारी तुरुंगात गेला ते वेगळंच. पिवळ्याचे सेकंद जाहीर करायला सांगतोय ते एवढ्यासाठी.

हडपसरची_स्नेहल

पण दादा, आपल्याकडे बऱ्याच सिग्नलला उलटे आकडे असतात. हिरव्याचे ५, ४, ३ दिसत असताना पिवळा अचानक कसा काय लागतो? अमेरिकेतल्या माणसाला ते आकडे दिसत नव्हते. आपल्याला दिसतात, आणि आपण ते बघून गाडी पळवतो. माझ्यापुढचा रिक्षावाला ४ दिसले की सावकाश होत नाही, हॅंडल घट्ट धरतो.

कर्वेरोडकर

बरोबर. पण गर्दी बघून स्वतःच वेळ बदलणारे सिग्नल आले की उरलेले सेकंद आधी सांगणं अवघड होतं, कारण ते त्या सिग्नललाच शेवटपर्यंत नक्की माहीत नसतं. आकडा गेला की सगळी भिस्त पुन्हा पिवळ्यावर.

भोसरी_एमआयडीसी

माझं काम मोजमापाच्या यंत्रांचं. पिवळ्याच्या बाबतीत कर्वेरोडकरांशी सहमत. पण त्यांच्या आडोशाने जो तो 'स्पीड कॅमेराच चुकीचा दाखवतो' म्हणायला लागेल, म्हणून लिहितो.

रडार गाडीवर लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली ते बघतं. २४ गिगाहर्ट्झच्या रडारला ६० च्या वेगाने येणारी गाडी सुमारे २७०० हर्ट्झचा फरक देते. स्पीकरला जोडलं तर चक्क शिट्टी ऐकू येईल. रडार रस्त्याच्या कडेला तिरकं उभं असतं, म्हणून वेग जास्त दिसतो असा एक लाडका समज आहे. उलटं आहे. कोनामुळे वेग कमी दिसतो. २० अंशांना ६० चे ५६ होतात, आणि यंत्र तेवढी भर आपल्याकडून घालतं. हा कोन बसवताना चुकीचा भरला तर मात्र आकडा वर सरकू शकतो. कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र तपासून जुळवल्याचा दाखला, मागायचा तो याच्यासाठी.

लेझर गनचा प्रकार वेगळा. ती प्रकाशाचे ठोके सोडते, ते परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते, आणि अंतर किती झपाट्याने बदलतंय तो वेग. झोत अरुंद असल्याने शेजारच्या गाडीचा वेग तुमच्या माथी मारला जाण्याची शक्यता कमी. रडारचा झोत पसरट, तिथे दोन गाड्या एकदम आल्या तर फोटोत दुसरी गाडी आहे का ते जरूर बघावं.

चाकण_सेकंड_शिफ्ट

एक मजेशीर गोष्ट. स्पीड कॅमेऱ्याचा जनक मॉरिस गात्सोनिडेस हा स्वतः रॅलीचा ड्रायव्हर होता, डच माणूस. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. यंत्र बनवलं ते स्वतःचा वळणावरचा वेग मोजायला, म्हणजे आणखी जोरात जाता यावं म्हणून. आज अख्खं जग त्याला शिव्या घालतंय.

एका खांबावरच्या कॅमेऱ्याला आपले लोक केव्हाच सरावलेत. खांब आला की ब्रेक, गेला की परत बुंगाट. त्या अवचित ब्रेकमुळेच मागच्याची तंतरते. एक्स्प्रेसवेवर २०२४ मध्ये नवी यंत्रणा आली, तिथे ही हुशारी चालत नाही. एका कमानीखाली नंबर वाचला, पुढच्या कमानीखाली पुन्हा वाचला, मधलं अंतर भागिले वेळ. कारला १०० ची मर्यादा, म्हणजे १० किलोमीटरला ६ मिनिटं लागलीच पाहिजेत. ५ मिनिटांत आलात तर १२० झाले. वेग मोजणारं यंत्रच नाही, नुसतं घड्याळ. त्याच्याशी वाद काय घालणार?

आमच्या कंपनीतला एक महाभाग मात्र बेफाम जातो आणि पुढची कमान यायच्या आत फूडमॉलला मिसळ खातो. सरासरी बसते म्हणे.

जेधेचौक

@चाकण, मिसळीपायी का होईना, थांबतो तरी!

गंमत सोडा. कात्रजकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने रांगेने गाड्या उडवल्या होत्या. तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून गाडी सोडणाऱ्याला पिवळ्याचं गणित काय सांगणार? ४० ऐवजी ६० ने आलेल्या गाडीत सव्वादोन पट ऊर्जा असते, ती कशात तरी जिरणारच. तिथे चार नाही, चाळीस कॅमेरे लावा, माझी ना नाही.

कायद्याचा_किडा

मधेच शिरतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला, आणि तो ज्या शहरांसाठी आहे त्यांत पुणे आहे. त्यात काय काय आहे ते फार थोड्यांनी वाचलंय.

यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, ते दर वर्षी नवं करून घ्यायचं. पुढे कॅमेरा आहे अशी पाटी ठळक जागी हवी, म्हणजे झाडामागे लपवून पकडणं हा हेतूच नाही. २०२१ च्या त्या नियमाप्रमाणे गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची. नोटिशीत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, जागा, आणि ही इलेक्ट्रॉनिक नोंद अस्सल असल्याचं प्रमाणपत्र. यंत्रांच्या यादीत स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, अंगावरचा कॅमेरा, गाडीतला डॅशकॅम आहेत. कुणाच्या खिशातल्या स्वतःच्या मोबाइलचं नाव त्यात नाही, राज्य सरकारने वेगळं काही ठरवलं तर गोष्ट वेगळी.

थोडक्यात, यंत्राबद्दल इथे मागितलेलं बरंचसं कायद्यानेच दिलेलं आहे. कर्वेरोडकर मागतायत ते पिवळ्याचे सेकंद मात्र त्या नियमात कुठे नाहीत.

आणि गाडी विकली असेल तर आधी आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली का ते बघा. एजंट 'होऊन जाईल साहेब' म्हणतो, आणि नव्या मालकाने तोडलेल्या सिग्नलचं चलन वर्षभर जुन्याच्या मोबाइलवर वाजत राहतं.

शनिपारच्या_काकू

तुमचं सगळं वाचलं. हुशार आहात सगळे. पण एवढ्या चर्चेत पायी चालणारा कुणी आलाच नाही.

मी रोज टिळक रस्ता ओलांडते. माझा हिरवा माणूस लागतो तेव्हा गाड्यांना लाल असतो. पहिली दोन पावलं मी टाकतच नाही, कारण लालमधून येणाऱ्या चार दुचाक्या ठरलेल्याच. त्या गेल्या की निघायचं, तर मध्यावर पोहोचेपर्यंत तो हिरवा माणूस लुकलुकायला लागतो. झेब्रावर पुढचं चाक काढून उभे राहणारे वेगळे, त्यांना वळसा घालून जायचं. कर्वेरोडकर, तुमच्या पिवळ्यातला अर्धा सेकंद वाढवायला माझी हरकत नाही, पण तो माझ्या सेकंदांतून कापू नका. तुमचं गणित सुटलं की सिग्नलवाले पहिली कात्री पायी चालणाऱ्याच्याच वेळेला लावतात.

कर्वेरोडकर

काकू, तुमचे सेकंद कापायचे नाहीतच. पिवळा वाढवायचा तो गाड्यांच्या हिरव्यातून. शिवाय पिवळ्यानंतर चारही बाजूंना क्षणभर लाल ठेवतात, तोही वाढवता येतो. तुमच्या त्या चार दुचाक्या त्या फटीत निघून जातील.

शनिपारच्या_काकू

फट वाढवली की आठ येतील. मी इथलीच आहे.

जेधेचौक

काकूंना माझं मत!

हडपसरची_स्नेहल

एक खरंच विचारते. लाल आहे, समोर मामा उभे आहेत आणि हात हलवून 'चला चला' करतायत. मामांचा हात दिव्याच्या वरचढ, हे शिकवलंय आपल्याला. पण कॅमेऱ्याला मामा कुठे दिसतात? किंवा मागे ॲम्ब्युलन्स कोकलतेय. वाट दिली नाही तर १० हजारांपर्यंत दंड आहे, आणि द्यायला पुढे सरकलं तर रेषा ओलांडली.

भोसरी_एमआयडीसी

यंत्राला नाही दिसत. चलन पक्कं करायच्या आधी माणसाने क्लिप बघितली तर त्याला दिसेल. नुसत्या दोन फोटोंवर न भागवता मागच्या-पुढच्या काही सेकंदांचा व्हिडिओ जपून ठेवला पाहिजे, तो याचसाठी. कॅमेरा किती हुशार आहे यापेक्षा क्लिप बघणारा एका चलनाला किती वेळ देतो, तिथे सगळं अडतं.

चाकण_सेकंड_शिफ्ट

आणि ज्यांची प्लेट वाचताच येत नाही त्यांचं काय? ४१४१ ला वळण देऊन 'दादा' करणारे, मागची प्लेट वर दुमडून ठेवणारे. कॅमेरा सापडतो तो साध्या सरळ प्लेटवाल्याला. सिग्नल सगळ्यात जास्त तोडणारी जमात कॅमेऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

जेधेचौक

म्हणून साध्या प्लेटवाल्यांना सोडायचं का? हे म्हणजे अजबच.

कर्वेरोडकर

कुणालाच सोडू नका, हेच म्हणतोय. कॅमेऱ्याने आडव्या गाडीवर आपटणं कमी होतं हे मीही मानतो. अमेरिकेच्या महामार्ग खात्याच्या २००५ च्या अभ्यासात काटकोनातल्या टकरी सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या, मागून आदळण्याचे प्रकार १५ टक्क्यांनी वाढले. काटकोनातली टक्कर जास्त घातक, तेव्हा सौदा फायद्याचाच. पण मागून आदळणं वाढतं ते घाबरून मारलेल्या ब्रेकमुळे, आणि आपल्याकडे मागून येणारा बहुधा दुचाकीवर असतो.

माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. कॅमेरा असलेल्या चौकांत पिवळा किती सेकंद, चारही बाजूंचा लाल किती, यंत्राच्या प्रमाणपत्राची तारीख. कुणाला मोबाइलवर व्हिडिओ काढून पिवळा मोजायचा असेल तर व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमवर ठेवा, पिवळ्याच्या फ्रेम मोजून ३० ने भागा. फक्त गाडी चालवताना नको, फुटपाथवर उभे राहून.

शनिपारच्या_काकू

फुटपाथ सापडला तर.

जेधेचौक

अर्जात माझा एक प्रश्न घाला. कॅमेरा असलेल्या प्रत्येक चौकात थांबरेषा शेवटची रंगवली कधी? आमच्या इथे ड्रेनेजसाठी खणल्यापासून रेषाच नाही. सगळे अंदाजाने थांबतात, मीसुद्धा.

कायद्याचा_किडा

टाका. आणि उत्तर ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील मी लिहून देतो.