मदत हवी आहे: बहिणीने कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. करावं की आधी नोकरी धरावी?

नमस्कार. आम्ही कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातले. घरची पावणेतीन एकर जमीन, निम्मा ऊस, बाकी तंबाखू नि सोयाबीन. धाकटी बहीण धारवाडच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे तिला कृषी अर्थशास्त्रच करायचंय.

हे वेड तिला रावेच्या, म्हणजे गावात राहून करायच्या कार्यानुभवाच्या वेळी लागलं. तिथं तंबाखूच्या उत्पादन खर्चाचा तक्ता भरला आणि घरी येऊन आप्पांना विचारलं, "तुमची नि आईची मजुरी कुठं धरलीय?" आप्पा बराच वेळ गप्प बसले. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात अठरा वर्षांचे असताना ते निपाणीच्या रस्त्यावर बसले होते, भाव मागायला. पण घरच्या माणसांची मजुरी त्यांच्या वहीत तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. त्या दिवसापासून ही मुलगी हाच विषय शिकावी असं मलाही वाटतं. अडचण पैशाची आहे.

तिने शिकवलेली रीत मी तिच्याच शिक्षणाला लावली. हमीभाव सुचवणाऱ्या कृषी खर्च आणि मूल्य आयोगाचा ए-२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च. फी, हॉस्टेल, मेस, येणंजाणं मिळून दोन वर्षांचे आमच्या अंदाजाने २ लाख ४० हजार. त्यात एफएल, म्हणजे घरची मजुरी, मिळवायची. इथं ती म्हणजे दोन वर्षं सोडलेला पगार. एका बियाणे कंपनीने तिला महिना २२,००० सांगितलेत, म्हणजे ५ लाख २८ हजार. सी-२ मध्ये त्यावर स्वतःच्या भांडवलाचं व्याजही धरतात. फीसाठी आप्पांची ठेव मोडावी लागेल, म्हणून तिचं बुडणारं व्याजही धरायला हवं. "सरकारी फी आहे, परवडतंय की" म्हणणारे पाहुणे फक्त पहिला आकडा बघतात. दुसरा त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

आता मिळकत. बँकेच्या कृषी क्षेत्र अधिकारी परीक्षेला बी.एस्सी. ॲग्री पुरते. सुरुवातीचा मूळ पगार ४८,४८०, एम.एस्सी. करून गेली तरी तेवढाच. वयाची अट ३० पर्यंत, ती २२ ची, त्यामुळे ती वाट नंतरही बंद होत नाही. पण शेवटी बँकेतच जायचं असेल तर ही दोन वर्षं अंगावर पडतात. नाबार्ड या शेती-ग्रामविकास बँकेच्या ग्रेड ए अधिकारी परीक्षेला मात्र अर्थव्यवस्था आणि शेती-ग्रामविकास हे पेपर असतात, तिथं अभ्यास कामी येईल. प्राध्यापकीचा सुरुवातीचा मूळ पगार ५७,७००, पण त्यासाठी नेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते, म्हणजे एम.एस्सी.वर थांबून भागत नाही.

एक गोष्ट मला मोठी वाटते. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) अखिल भारतीय परीक्षेतून स्वतःच्या राज्याबाहेर प्रवेश घेतला तर राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती मिळते, एम.एस्सी.ला महिना ५,०००. दोन वर्षांत १ लाख २० हजार, म्हणजे रोख खर्चाचा निम्मा भार उतरतो. धारवाडला राहिली तर ती नाही, महाराष्ट्रात राहुरीच्या कृषी विद्यापीठात गेली तर आहे. म्हणून माझं मत असं की त्या परीक्षेतून राहुरी किंवा दिल्ली मिळाली तर डोळे झाकून जावं, नाहीतर आधी नोकरी. तिला हे पटत नाही, ती धारवाडलाही तयार आहे.

जाणकारांना विचारायचं ते असं. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांपैकी आमचं गाव आहे. सीमाभागाचा दाखला घेऊन महाराष्ट्रात प्रवेश घेतला तर ती "राज्याबाहेरची" धरली जाते का, की शिष्यवृत्ती हातची जाते? सीमाभागातून राहुरीला कुणी या विषयाला गेलं असेल तर शिष्यवृत्ती दर महिन्याला जमा होते की वर्षाखेरीस एकदम? मेसचं बिल महिन्याला भरावं लागतं, म्हणून विचारतोय. आणि एम.एस्सी. नंतर पहिल्या नोकरीचा पगार खरोखर किती मिळाला, तो आकडा लिहिलात तर फार उपकार होतील.

लग्नाचं वय निघून जाईल असं आई म्हणते. त्यावर सल्ला नको, ते आम्ही घरात बघू.