मदत हवी आहे: नाशिकमधल्या शरणपूरच्या जुन्या वसाहतीची चित्रं किंवा फोटो कुठे बघायला मिळतील?

माझी आई नाशिकची, वडील केनियाचे. मी इथेच वाढले, जलरंगात काम करते. एरवी रविवार कारंजा, गोदाघाट, भाजीबाजार असं रोजचं दिसेल ते रंगवते. आता शरणपूरवर चित्रमालिका करायला घेतली आहे.

१९व्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनच्या वसाहतीत राहिली, शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. १८७३-७४ मध्ये आफ्रिकेत शोधमोहिमा करणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता. पुढे यातले काही जण मोंबासाजवळच्या फ्रियर टाउनला गेले. 'मूळची कुठली गं तू?' हे रिक्षावाल्यापासून सगळे विचारतात (रागावत नाही मी, कंटाळते), पण शरणपूर रोडवरून जाताना हल्ली वेगळंच वाटतं.

१८८३ चं नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर चाळून झालं. परिसरात फिरून स्केचेसही केली. वेनराइटचे फोटो मिळाले, पण ते इंग्लंडमधले. अडलंय ते त्या मुलांच्या इथल्या दिवसांवर: घरं, कपडे, सुतार-लोहारकामाच्या जागा. कल्पनेने रंगवायला हात धजत नाही.

नोकरीमुळे फक्त रविवारी जमतं, आणि मुंबई-पुण्याला एखादी खेप होईल. मराठी-इंग्रजी दोन्ही वाचता येतं. चित्रांची नक्कल करायची नाही, नुसतं बघायचंय.

नाशिकमध्ये असा संग्रह कुणाकडे आहे का? परवानगीसाठी नेमकं कुणाला भेटायचं? आणि शरणपूरच्या जुन्या कुटुंबांपैकी कुणी बोलायला तयार होईल का?