मैफलीचं परीक्षण खरं लिहायचं तर कसं?

गंधार_७: नमस्कार मंडळी. मी आमच्या गावातल्या साप्ताहिकात शास्त्रीय मैफलींवर लिहिते. परवा एका तरुण गायिकेचा मारवा राग ऐकला, आलापी (सुरुवातीचा संथ विस्तार) खरंच सुरेख होती पण द्रुतात, म्हणजे जलद लयीत, ताना घाईघाईत आल्या आणि दोन-तीनदा मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. आता हे लिहू का? मुलगी नवीन आहे, आयोजक ओळखीचे, पास त्यांनीच दिलेला. आणि नाही लिहिलं तर मग ते नेहमीचंच "रसिक मंत्रमुग्ध झाले, मैफल उत्तरोत्तर रंगत गेली", ज्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तुम्ही काय करता?

तानपुरेवाला: ताई, लिहाच. पण "ताना कमी पडल्या" एवढंच लिहू नका, नेमकं कुठे काय झालं ते लिहा. मारवाच घ्या ना. मारवा, पूरिया आणि सोहनी तिघांचे सूर तेच, कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. फरक सगळा चलनात, म्हणजे ते सूर कसे फिरतात त्यात. मारव्यात रिषभ-धैवतावर जोर, पूरियात गंधार-निषादावर, सोहनी वरच्या सप्तकात खेळते. मग तिने षड्ज किती वेळ लांबणीवर टाकला, रे-ध वर कशी थांबली, गंधारावर रेंगाळताना पूरिया डोकावला का, हे सांगितलंत की घरी बसलेल्यालाही मारवा ऐकू येतो आणि त्या मुलीलाही काहीतरी हाती लागतं. पंचम नसल्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार बरेचजण निषादात लावतात, ती नीट लागली होती का तेही बघा, कारण तीच बेसूर असेल तर गाणारा काय करणार बिचारा!

साथीला_मी: मी तबल्यावर बसतो म्हणून माझी बाजू सांगतो. समेचा दोष गायिकेच्या माथी मारायच्या आधी मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्या स्पीकरमध्ये) तिला ठेका ऐकू येत होता का हे विचारा. बऱ्याच हॉलमध्ये समोर आवाज मस्त आणि स्टेजवर नुसता गोंगाट, अशात द्रुत तीनतालात सम पकडणं फार अवघड जातं. आणि साथीदारांना शेवटच्या ओळीत "समर्पक साथ केली" म्हणून उरकू नका हो, लयीचं अर्धं काम आम्ही करतो.

जुनी_मैफल: संगीत समीक्षक वामनराव देशपांडे वाचलेत का? पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, पण गायिका मोगूबाई कुर्डीकरांकडे तालीम घेतलेली, त्यामुळे गाणं आतून माहीत. घराण्याचा विचार करून लिहायचे. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जयपूर घराण्याच्या गायकाने किराणा घराण्यासारखी एकेका सुराची संथ बढत (विस्तार) केली नाही म्हणून नावं ठेवणं हा अन्याय आहे, त्यांचं सौंदर्य लयीच्या गुंफणीत असतं. तुमची गायिका कोणत्या घराण्याची? पासचं म्हणाल तर मी सरळ तिकीट काढतो, आयोजकांना वाईट वाटलं तरी चालेल.

गंधार_७: सगळ्यांचे मनापासून आभार. गुरू किराण्याचे आहेत, म्हणजे आलापीवर भर का होता ते लक्षात आलं. @साथीला_मी, आज साउंडवाल्यांना फोन करते आणि मॉनिटरचं विचारते. आलापीवर दोन परिच्छेद लिहीन, त्यात तो लांबणीवर टाकलेला षड्ज येईलच, आणि द्रुताबद्दल तीन-चार वाक्यं पण स्पष्ट. छापायच्या आधी तिला वाचायला द्यावं का, की ते चुकीचं?

तानपुरेवाला: आधी नका देऊ. छापून आल्यावर स्वतः फोन करा.