भीमेत आठवडाभर चारा: मासा बांधतो की डोह नासतो?

पैलतीर:
परवा इथं एका सद्गृहस्थांनी ज्ञान दिलं: "भीमेत रोहू-कटला हवा असेल तर एक डोह धरा, सात दिवस रोज संध्याकाळी पाच किलो पेंड आणि ज्वारी टाका, आठव्या दिवशी गळ टाका. मासा बांधलेला असतो, म्हणजे त्या जागेला सोकावलेला." खाली लोकांनी हात जोडलेत. म्हणून हे लांबण.

एक तर कटला. त्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधे. तळाला चरतात ते मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प). तळात पस्तीस किलो माल ओतून कटल्याची वाट बघायची, म्हणजे माळवदावर बसलेल्याला पेवात ताट वाढायचं.

दुसरं, उजनी धरणाच्या खाली भीमा आता बंधाऱ्यांची माळ झालीय. आवर्तन सुटलं की तुमचा चारा चालला कर्नाटकात. नाही सुटलं की तिथंच कुजतो. मी स्वतः हा शहाणपणा केलाय. मागच्या मार्चमध्ये टाकळीच्या वरच्या अंगाला चार दिवस चारा टाकला. पाचव्या दिवशी पहाटे गेलो तर काठाला करडीच्या पेंडीची साय धरलेली, वास आंबलेल्या ताकाचा, आणि बोटभर चिलापी पाण्यावर येऊन तोंडं उघडमिट करत होत्या. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो, त्यात कुजणारी पेंड उरलासुरला ओढून घेते. गळाला काय लागलं? शिंगटा. एक.

गळकरी_अण्णा:
ते सद्गृहस्थ मीच. नाव घ्यायला जीभ झडली असती का? बावीस वर्षं गळ टाकतोय, मृगळ किती काढले ते वहीत लिहिलंय. तुम्ही चार दिवस टाकून सोडलंत आणि आम्हाला शिकवताय. माझा भाचा इंग्लंडात असतो. तिकडं सेव्हर्न नदीत बार्बेलसाठी लोक आधी कित्येक दिवस भांगेच्या बिया शिजवून टाकतात. छिद्रांचा डबा तळाशी सोडायचा, टेकला की झाकण उघडतं, चारा बरोब्बर जागेवर. ते काय खुळे आहेत?

का_बे:
भांग? मग मासा स्वतःच चालत येत असेल काठावर 😂

पैलतीर:
अण्णा, बार्बेल वाहत्या पाण्यात, खडीच्या तळावर राहणारा मासा. दाणे दगडांच्या फटीत बसतात, तो मिशांनी हुडकत बसतो, खालून ताजं पाणी चालूच असतं. आपल्या बंधाऱ्यात खाली गुडघाभर गाळ. आणि तिकडं १५ मार्च ते १५ जून नदीत गळ टाकायला बंदी असते, तेही भाच्याला विचारा. आपल्याकडं पहिल्या पुरात गाभोळीनं भरलेली मादी दिसली की लोक फोटो काढून टाकतात.

वाळूग्रस्त:
डोह धरा म्हणे. डोह राहिलेत कुठं? वाळू उपसून उपसून नदीचा तळ नांगरल्यासारखा झालाय. आमच्या गावाखाली दोन पुरुष पाणी असायचं, आता खड्डे आणि चिखल. त्यावर कुणी धागा काढत नाही. चारा काय टाकताय, आधी वाळू टाका परत.

सीनाकाठची:
बाकी चालू द्या. रोज ज्वारी टाकायची म्हणताय, ती कुठली? मालदांडी असेल तर अण्णा, एकदा घरी येऊन आमच्या सासूबाईंसमोर हे बोलून दाखवा.

गळकरी_अण्णा:
ताई, भिजलेली, काळी पडलेली असते. माणसं खात नाहीत ती.

सीनाकाठची:
म्हणजे बुरशीची. ती माशाला चालते?

का_बे:
आमच्या काकानं तर कोरडीच टाकली होती, पोतंभर.

सीनाकाठची:
कोरडी टाकली की ती पोटात जाऊन फुगते. म्हशीनं कोरडी ज्वारी जास्त खाल्ली तर काय होतं ते गावात कुणालाही विचारा. रात्रभर भिजवा, मग दाणा फुटेपर्यंत शिजवा. घुगऱ्या करतो तशा. आमच्या ह्यांनी माझ्या कुकरमध्ये केल्या होत्या, वरून बडीशेप आणि वेखंड घालून. तीन दिवस वरणाला वास. तो कुकर आता नदीचाच झाला.

पैलतीर:
म्हैस रवंथ करते, मासा नाही. पण शिजवायचं मात्र बरोबर आहे.

सीनाकाठची:
"मात्र" कशाला? नुसतं बरोबर म्हटलं असतं तरी चाललं असतं.

गळकरी_अण्णा:
मका घ्या सरळ. स्वस्त पडतो, गळावरही टिकतो.

सीनाकाठची:
मका दोन रात्री भिजवावा लागतो. आणि गॅस कोण भरणार?

जुना_पंढरपूरकर:
कुकर बाजूला ठेवा जरा. पंढरपूरला घाटावर लोक वर्षानुवर्षं लाह्या-चुरमुरे टाकतात. चप्पल वाजली तरी मासा येतो. ह्याला बांधणं नाही तर काय म्हणायचं? अण्णांचं तत्त्व खोटं नाही, माप खोटं आहे. मुठीनं टाका, पोत्यानं नाही. आणि बार्बेल बार्बेल काय लावलंय, आपला खडस, म्हणजे महसीर घ्या. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याची नोंद केली, तीही बार्बस खुद्री म्हणून, म्हणजे बार्बेलचंच कुळनाव लावून. तेच पाणी खाली भीमेत येतं. आता त्या पाण्यातून काय काय येतं ते बोलायला लावू नका.

जाळंवाला:
मी भोई. चार पिढ्या नदीवर. तुमचं भांडण वाचून करमणूक झाली. अण्णा, तुमचा मासा बांधतो, शंभर टक्के. चारा पडलेल्या जागी पहाटे बारीक बुडबुड्यांची रांग उठते, तळ उकरत असतो तो. आम्ही होडीतून तेच बघत जातो. सातव्या रात्री जाळं लावायचं, आठव्या दिवशी तुम्ही गळ घेऊन येता तेव्हा मासा बाजारात. दोन वर्षांपूर्वी असाच एक डोह मिळाला, सगळे मृगळ, दीड-दोन किलोचे. ज्यानं चारा घातला त्याचे आभार.

गळकरी_अण्णा:
दोन वर्षांपूर्वी कुठं? बेगमपूरच्या बाजूला का?

जाळंवाला:
पिंपरणीचं झाड होतं काठाला.

का_बे:
अण्णा गप्प का झाले बे 😂😂

गळकरी_अण्णा:
पाच किलो जास्त होतं. मान्य. दोन मुठी पुरे, तेही आदल्या दिवशी. पण कटला मी दोनदा काढलाय, तो मी सोडणार नाही.

पैलतीर:
तळातून?

गळकरी_अण्णा:
तरंगत्या गळानं. लाह्यांवर. झालं समाधान?

सीनाकाठची:
लाह्यांना कुकर लागत नाही, आमच्या ह्यांना सांगते.

वाळूग्रस्त:
वाळूचं कुणी बोलणार आहे का?

का_बे:
ताई, वेखंड किती घालायचं?