डबसाठी स्प्रिंग रिव्हर्ब प्लगइन कोणता घ्यावा?

बासरेघ: रेगेचे ट्रॅक करतोय, सत्तरच्या दशकातल्या किंगस्टनचा डब साउंड हवाय (डब म्हणजे रेगे ट्रॅकचं इको-रिव्हर्ब घालून केलेलं रीमिक्स). डीएडब्ल्यूमधला (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला) साधा रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, स्नेअर ड्रमवर टाकला की हॉलमध्ये वाजल्यासारखं वाटतं, आवाज धातूच्या स्प्रिंगमधून घुमवणाऱ्या स्प्रिंग रिव्हर्बचा तो "ट्वांग" येतच नाही. आर्टुरिया, सॉफ्टट्यूब की यू-ही, कोणत्या कंपनीचा प्लगइन घेऊ? बजेट एकाचंच आहे.

टेपवेडा: आर्टुरियाचा स्प्रिंग-६३६ घे. तो ग्रॅम्पियन ६३६ या जुन्या स्प्रिंग रिव्हर्ब यंत्रावर बेतलाय, आणि डब निर्माता ली पेरीच्या ब्लॅक आर्क स्टुडिओमध्ये ग्रॅम्पियनच होता. प्रीअँप (सिग्नल वाढवणारा भाग) जरा जास्त ढकल, स्नेअर मस्त खरखरतो.

स्कँकवाली: माझं मत सॉफ्टट्यूबला, त्यात शेक नावाचं कंट्रोल आहे ना, ऑटोमेट केलं की स्प्रिंगची पेटी हलवल्यासारखा गडगडाट येतो आणि डबमध्ये तो हवाच. इम्पल्स रिस्पॉन्सच्या (खऱ्या रिव्हर्बच्या प्रतिसादाच्या रेकॉर्डिंगच्या) नादी लागू नकोस, फुकट मिळतात पण ती एका क्षणाची स्थिर नोंद असते, त्यात हलवणं-बिलवणं जमत नाही.

टेपवेडा: हे बरोबर. स्प्रिंगमध्ये वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या वेगाने पळतात म्हणून तो "च्यूव" आवाज येतो, प्लगइन ऐकताना कोरड्या (इफेक्ट नसलेल्या) रिमशॉटवर, म्हणजे स्नेअरच्या कडेवरच्या फटक्यावर, आधी तेवढंच तपास.

स्कँकवाली: आणि काहीही घेतलंस तरी इन्सर्टवर (थेट ट्रॅकवर) लावू नकोस रे, सेंडवर (ट्रॅकची प्रत पाठवायच्या वेगळ्या वाटेवर) ठेव, आधी खालचे सूर कापणारा हाय-पास फिल्टर लाव नाहीतर बेसचा चिखल होतो. डबचा जमैकन साउंड इंजिनिअर किंग टबी मिक्सरलाच वाद्य मानायचा, तसं एकेका स्नेअरपुरता सेंड हाताने उघड आणि लगेच बंद कर.

बासरेघ: मग दोन्हींचे डेमो उतरवतो, आज रिमशॉटवरच बसतो.