मदत हवी आहे: आठ ट्रॅकची टेप टाइमकोडवर रीपरशी जुळत नाही

नमस्कार मंडळी,

बाबांनी नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग पाव इंची, आठ ट्रॅकच्या टेपवर केलं होतं. ते आता रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरवर उतरवतोय. खोक्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय: '८ वर कोड, २५ फ्रेम. ७ मोकळा.' म्हणजे आठव्यावर एलटीसी (आवाजाच्या रूपात टेपवर भरलेला टाइमकोड, म्हणजे वेळेच्या खुणा; इथे सेकंदाला २५ फ्रेम), त्याची किरकिर शेजारी झिरपू नये म्हणून सातवा रिकामा, आणि बाकी सहांवर पखवाज (दोन माइक), टाळ, पेटी, बुवा आणि मागचे गाणारे.

माझ्या इंटरफेसला (टेपचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं यंत्र) इनपुट चारच. म्हणून दोन फेऱ्या: प्रत्येक वेळी तीन ट्रॅक आणि चौथ्यात कोड. रीपरमध्ये प्ले बटणावर राइट क्लिक करून बाहेरच्या टाइमकोडची सेटिंग उघडली, चौथं इनपुट एलटीसीला दिलं, फ्रेम रेट २५ केला. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झवर आहे.

सुरुवात चोख जुळते. पण चार-पाच मिनिटांनी पखवाजाची थाप आणि टाळ फाटतात. मोजलं तर ४० मिलीसेकंद, म्हणजे अख्खी एक फ्रेम. फरक पडला की उडी मारून गाठायचा पर्याय चालू केला, तर उडीच्या जागी टिक वाजतं. एका अभंगात तर बुवांची तानच मधे तुटली.

माझं काय चुकतंय? फीत जुनी आहे, पुन्हा पुन्हा फिरवायला मन धजत नाही.

उत्तर

सेटिंग बरोबर आहे. टाइमकोड 'आत्ता कुठे आहोत' एवढंच सांगतो. इंटरफेसचं घड्याळ त्यामुळे बदलत नाही, ते सेकंदाला ४८,००० नमुने आपल्याच लयीत घेत राहतं. टेपची मोटर मात्र दर फेरीला किंचित वेगळी फिरते. कोडवरून वर्डक्लॉक (नमुने घेण्याची लय ठरवणारा सिग्नल) तयार करणारी यंत्रं असतात, पण इंटरफेसलाही वर्डक्लॉक इनपुट लागतं.

तुम्ही सिंक बंदच करा. दोन्ही फेऱ्यांत कोड साधा आवाज म्हणून चौथ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मग दुसऱ्या फेरीचे चारही ट्रॅक एका ग्रुपमध्ये घ्या आणि दर वीस-तीस सेकंदांनी स्ट्रेच मार्कर (आवाज तेवढ्यापुरता ताणायच्या-आकसायच्या खुणा) लावून तिचा कोड पहिल्या फेरीच्या कोडवर आणा. पखवाजाचे दोन्ही माइक एकाच फेरीत घ्या, नाहीतर थाप पोकळ वाजेल.

त्याहून बरं म्हणजे आठ इनपुटचा इंटरफेस एका दिवसासाठी कुणाकडून तरी आणा. सगळं एकाच फेरीत उतरेल, जुळवायला काही उरणारच नाही, आणि फीतही एकदाच फिरेल.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. तालुक्याच्या एका साउंडवाल्याकडे आठ इनपुटचा आहे, रविवारी आणतो. एकच शंका: मग आठवा ट्रॅक उतरवायची गरज उरते का?

उत्तर

उतरवाच. आणि त्या इनपुटची पातळी कमी ठेवा, कोड जोरात असला की सगळीकडे शिरतो.