मदत हवी आहे: जुनी इलेक्ट्रिक गिटार, ट्रस रॉडला (नेकच्या आतली, तिचा वाक सुधारणारी सळई) अजून पीळ शिल्लक आहे का हे कसं ओळखायचं?

स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची, बोल्ट-ऑन नेकची (मान बॉडीला स्क्रूने जोडलेली) एक वापरलेली गिटार घ्यायचा विचार आहे. एकदा तासभर वाजवून पाहिली. आवाज आवडला, पण नेकबद्दल शंका आहे.

सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार पहिल्या आणि १७व्या फ्रेटवर (नेकवरची आडवी धातूची पट्टी) एकदम दाबून धरली, तर ७व्या फ्रेटपाशी तारेखालून दोन व्हिजिटिंग कार्डं आरामात सरकतात. म्हणजे नेक पुढे वाकलाय. १२व्या फ्रेटवर हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसती स्पर्शून काढलेला स्वर) दाबलेला स्वर जरा चढा लागतो, पण ॲक्शनच (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त असल्यामुळे त्याचं फारसं वाटलं नाही. तारा नव्या आहेत, ०.०१०चा सेट (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच). व्हॉल्यूमचा नॉब खरखरतो; ते क्लीनरने जाईल. पहिल्या तीन फ्रेटवर दुसऱ्या-तिसऱ्या तारेखाली खाचा आहेत, बेंड करताना (तार आडवी ओढताना) नखाला लागतात.

विकणारा म्हणतो, "रॉड थोडा पिळला की सरळ होईल." मग स्वतः का नाही पिळला? मला मात्र तो पाना लावू देत नाही. रॉडचा नट हेडस्टॉकच्या (खुंट्यांच्या टोकाच्या) बाजूला आहे, नुसता दिसतो. खाचांसाठी रीफ्रेटचा (सगळे फ्रेट नवे बसवण्याचा) खर्च झेपणार नाही, लेव्हलिंगचा (आहेत ते घासून समतल करण्याचा) चालेल.

पाना न लावता रॉडला अजून पीळ शिल्लक आहे का, हे ओळखता येतं का? की पाव फेरा फिरवू दिल्याशिवाय घेऊच नये?